विश्व खुर्द आणि विश्व बुद्रुक

अवसरी खुर्द येथील रहिवाशाला आपला पत्ता सांगताना गावाच्या नावापेक्षा नावाच्या शेपटावर अधिक दम खर्च करावा लागतो. ‘अवसरी’ हा शब्द एका श्वासात निघून जातो. ‘खुर्द’ मात्र दोनदा उच्चारावा लागतो, त्यातही दुसऱ्यांदा ‘खुर्द, बुद्रुक नव्हे’ अशी पुस्ती जोडावी लागते, आणि इतके करूनही पलीकडचा माणूस ‘हां हां, बुद्रुक’ म्हणून फोन ठेवतो. ही दोन्ही विशेषणे फारसीतून आलेली आहेत. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक, म्हणजे मूळचे बुजुर्ग, थोरले. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ वसली की जुन्या महसुली दप्तरात त्यांना ही शेपटे लावली जात, आणि एकदा लागलेले शेपूट पुढे धाकट्याने कितीही बाळसे धरले तरी गळत नसे. अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळाले, तंत्रनिकेतनही आहे, तरी दप्तरी ते खुर्दच राहिले. नातवंडे झालेल्या गृहस्थाला घरातल्यांनी अखेरपर्यंत ‘बाळू’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

एकाच नावाने अनेक जागी नांदण्याची सवय या भागाच्या भूगोलाला मुळातच जडलेली दिसते. अवसरीच्या आंबेगाव तालुक्यात एक पारगाव तर्फे खेड आहे आणि एक पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे, तर शेजारच्या जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे. तर्फ म्हणजे परगण्याच्या पोटातला जुना महसुली विभाग, आणि कोणते पारगाव हे या तर्फेवरून ताडायचे. खुद्द तालुक्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागरात, बुडाले. त्यामुळे तालुक्याचे नाव पाण्याखाली, कचेरी घोडेगावात आणि बाजार मंचरला, अशी त्रिस्थळी यात्रा तेथील नागरिकांच्या नशिबी आली आहे. त्यात पुणे शहराच्या दक्षिणेस, कात्रजच्या बाजूला, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द अशी आणखी दोन आंबेगावे आहेत, आणि ती कोरडी असल्यामुळे मोबाइलमधला नकाशा आधी तिकडे धावतो. लग्नपत्रिकेवरील ‘ता. आंबेगाव’ एवढाच मजकूर नकाशाला भरवून निघालेला एखादा मामा मग कात्रजला पोहोचतो, लग्नसराई असल्याने तिथेही एक मांडव त्याला सापडतो, अक्षता टाकून, पाकीट देऊन आणि जिलेबीला पुन्हा बोलावून घेऊन तो तृप्त मनाने परततो, आणि रात्री बहिणीचा संतापलेला फोन आला की शांतपणे सांगतो, “नवरी ओळखू आली नाही खरी, पण मठ्ठा झकास होता.”

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, तर अमेरिकन चित्रकथा आणि महानायकांचे चित्रपट यांत ज्या ‘मल्टिव्हर्स’ने गेली काही वर्षे धुमाकूळ घातला आहे, त्या बहुविश्वाचे अवसरीकरांना अप्रूप वाटण्याचे कारण उरत नाही. बहुविश्व म्हणजे आपल्या विश्वाला लागूनच असंख्य दुसरी विश्वे आहेत, त्यांत तीच माणसे थोड्या फरकाने तेच उद्योग करीत आहेत, आणि पुरेसा गोंधळ घातल्यास एकातून दुसऱ्यात जाता येते, अशी कल्पना होय. दुसऱ्या विश्वातील आपल्याच प्रतीला या चित्रपटांत ‘व्हेरियंट’ म्हणतात. मामा ज्या लग्नाला गेला ते त्याच्या भाचीच्या लग्नाचे व्हेरियंट होते, असे म्हटल्यास शास्त्राला बाध येत नाही, बहिणीला येतो.

या प्रकाराची सुरुवात विज्ञानापेक्षा हिशेबाच्या अडचणीतून झाली. डीसी या प्रकाशनाने १९४० च्या दशकात फ्लॅश नावाचा एक वेगवान नायक चालवला होता, पुढे तो बंद पडला, आणि १९५६ साली त्याच नावाने, पण वेगळा पोशाख आणि वेगळे नागरी नाव देऊन, दुसरा फ्लॅश बाजारात आणला. मग पहिल्याचे काय झाले, हा प्रश्न वाचकांनी विचारण्याआधीच सप्टेंबर १९६१ च्या अंकात गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि कार्माइन इन्फान्टिनो या चित्रकाराने त्याचा निकाल लावला. त्या कथेत नवा फ्लॅश मुलांच्या करमणुकीसाठी दोरीवर चढून अदृश्य होण्याची जादू करून दाखवतो, अंगातील कंपनांचा वेग जरा जास्त होतो, आणि तो थेट दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन पडतो, जिथे जुना फ्लॅश संसार करीत सुखाने निवृत्त जीवन जगत असतो. दोरीवर चढून गायब होणे हा डोंबाऱ्याच्या खेळातला प्रकार मानावा, तर अमेरिकेच्या बहुविश्वाचे मूळ भारतातील एखाद्या जत्रेत सापडते, असा दावा करण्यास हरकत नाही. असे दावे करणारे विद्वान आपल्याकडे मुबलक आहेत आणि त्यांना विषय कमी पडू लागले आहेत.

एक वाट सापडली की तिच्यावर गर्दी होते. पुढील दोन दशकांत डीसीच्या पृथ्व्या इतक्या वाढल्या की कोणता नायक कोणत्या पृथ्वीवर राहतो, कोणाचे कोणाशी लग्न झाले आणि कोण कुठे वारला, याचा पत्ता खुद्द संपादकांना लागेना. ही अवस्था मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीची आहे. चार पिढ्यांच्या वाटण्यांनंतर एका सातबाऱ्यावर सतरा नावे चढतात, बांध शोधून सापडत नाही, विहिरीत प्रत्येकाचा ‘एक आणा चार पै’ हिस्सा निघतो, आणि त्यावर उपाय म्हणून १९४७ साली तत्कालीन मुंबई प्रांताने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि पडलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा केला. डीसीने हाच कायदा १९८५ साली विश्वाला लावला. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेत असंख्य पृथ्व्या नष्ट करून उरलेल्यांची एकच पृथ्वी बनवण्यात आली. त्या धुमश्चक्रीत सुपरगर्ल आणि १९५६ चा तो फ्लॅशही कामी आले. एकत्रीकरणानंतर जे सर्वत्र होते तेच येथेही झाले. कागदावर गट एक झाला, पण भाऊ वेगळेच राहिले, आणि २००७ पर्यंत पुन्हा वाटण्या होऊन नेमक्या बावन्न पृथ्व्या निघाल्या. बावन्न या आकड्यावर मोजणी कशी थांबली, याबद्दल कोणी हरकत घेतल्याची नोंद मिळत नाही. गावच्या मोजणीत एवढी शांतता कधी पाहण्यात आलेली नाही.

मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनाने विश्वांना क्रमांक देण्याची पद्धत पाडली आणि आपल्या मुख्य कथानकाच्या पृथ्वीला ६१६ हा क्रमांक दिला. मराठी समाजाला या क्रमांकांची गरज कधी भासली नाही, कारण हे काम मधल्या नावाने शेकडो वर्षे चोख बजावले आहे. दोन्ही अवसऱ्यांत मिळून एकाच नावा-आडनावाचे चार गृहस्थ सहज सापडतात, आणि त्यांना वेगळे करणारा विश्वक्रमांक म्हणजे वडिलांचे नाव. वडिलांचे नावही जुळले, तर आजोबांपर्यंत न जाता ‘मळ्यातला’, ‘वेशीजवळचा’ किंवा ‘तो दूध घालणारा’ अशी स्थाननिश्चिती केली जाते. पीटर पार्कर नावाचे तीन स्पायडरमॅन डिसेंबर २०२१ च्या चित्रपटात समोरासमोर आले, तेव्हा एकमेकांना पीटर एक, पीटर दोन, पीटर तीन म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आली. मंचरच्या बाजारात हा प्रश्न अर्ध्या मिनिटात मिटला असता.

बहुविश्वाला पदार्थविज्ञानाचाही थोडा आधार आहे, आणि चित्रपटांतील शास्त्रज्ञ तो आधार चष्मा पुसत सांगत असतात. श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने १९३५ साली अशी एक काल्पनिक मांजर मांडली, की जी बंद पेटीत जिवंत आणि मृत अशा दोन्ही अवस्थांत असते आणि पेटी उघडल्यावरच तिचा निकाल लागतो. १९५७ साली ह्यू एव्हरेट याने सुचवले, की निकाल एक लागतच नाही, दोन्ही लागतात आणि प्रत्येकासाठी विश्वाला वेगळी फांदी फुटते. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात मांजरीचा हा सिद्धांत उसाच्या फडात आणि मोठ्या आकारात अनुभवास येतो. बिबट्या, ज्याला गावात सरसकट ‘वाघ’च म्हणतात, तो संध्याकाळनंतर प्रत्येक उसात असतोही आणि नसतोही. शेतीची वीज रात्री येते, मोटार उसाच्या पलीकडे असते, आणि पेटी उघडून पाहण्याची जबाबदारी घरातील एकाने घ्यायची असते. अशा वेळी कर्ता पुरुष बॅटरी हातात घेऊन, मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन लावून, बांधावर उभ्या उभ्या एव्हरेटच्या बाजूने वळतो आणि घरच्यांना सांगतो, “पाणी उद्या देऊ, जमिनीत ओल आहे अजून.” मांजरीची पेटी न उघडणे हाही शास्त्रीय निर्णय असू शकतो, ही भर एव्हरेटच्या प्रबंधात पडायला हवी होती.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी जगप्रसिद्ध महाकाय दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मैलोन्मैल पसरून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एका विश्वाची कुजबुज ऐकायला एवढी यंत्रणा लागते. अनंत विश्वे ऐकायची ठरली, तर तालुक्यात द्राक्षाला जागा उरणार नाही आणि भूसंपादनाची प्रकरणे आणखी काही विश्वांत पोसली जातील.

तरीही बहुविश्वाचे खरे आकर्षण तबकड्यांत किंवा कंपनांत नसते. ते ‘तेव्हा तसे केले असते तर’ या पाच शब्दांत असते, आणि हे पाच शब्द ज्याने कधी उच्चारले नाहीत असा शेतकरी नारायणगावच्या बाजारात सापडणे कठीण आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव इतके पडले होते, की तोडणीची मजुरीही सुटेना म्हणून कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. योगायोग असा, की त्याच जूनमध्ये स्पायडरमॅनचा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रदर्शित झाला होता, आणि त्यात ‘कॅनन इव्हेंट’ नावाची एक कल्पना मांडलेली होती. विश्व कोणतेही असो, प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही दुर्घटना घडल्याच पाहिजेत, त्या टाळल्या तर विश्वच फाटेल, असा तिचा अर्थ. टोमॅटो उपटल्यानंतरच भाव वाढणे, कांदा बराखीतून काढून विकल्यानंतरच तो तेजीत येणे, आणि शेजाऱ्याने नेमका चार दिवस थांबून विकणे, या तीन घटना प्रत्येक विश्वातील प्रत्येक शेतकऱ्याच्या कॅनन इव्हेंट आहेत, हे पारावर कोणालाही शिकवावे लागत नाही. फरक एवढाच, की पारावरच्या बहुविश्वात ज्या फांदीवर टोमॅटो उपटला नाही, त्या फांदीवर बंगला, ट्रॅक्टर आणि धाकट्याचे लग्न असा सगळा पुढचा पट तयार असतो. त्याच फांदीवर गारपीट झाली असती, ही शक्यता मात्र कोणी काढत नाही. काढलीच, तर “तू गप रे” एवढ्या उत्तरावर ते विश्व बंद होते.

मराठीत बहुविश्वाची कथा जयंत नारळीकरांनी फार आधी लिहून ठेवली आहे, आणि ती ज्यांना पोशाखी नायकांशिवाय करमत नाही त्यांनी मुद्दाम वाचावी. पुण्यात आयुकासारखी खगोलविज्ञानाची संस्था उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा विश्वात जाऊन पोहोचतात, की जिथे १७६१ साली विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. आता अमेरिकन नायक परक्या विश्वात उतरला की प्रथम खलनायक शोधतो. गंगाधरपंत मुंबईत उतरतात, इतिहास चाळतात, आणि आझाद मैदानावरील एका व्याख्यानात अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसताच तिच्यात जाऊन बसतात. त्या विश्वातील श्रोते अध्यक्ष, प्रास्ताविक आणि आभार या सर्व प्रकारांना विटलेले असल्याने ते पंतांचा समाचार टोमॅटो-अंड्यांनी घेतात. कोणत्याही विश्वात सोडले तरी मराठी विद्वानाची पावले कुठे वळतात, याचे इतके अचूक निदान मार्व्हलला चाळीस चित्रपट काढूनही साधणार नाही. एक प्रश्न मात्र ती कथा वाचून उरतो. त्या विश्वात परीक्षेत सपाटून नापास झालेला मुलगा घरी येऊन काय सांगत असेल? ‘पानिपत झाले’ म्हणावे, तर आई पेढे वाटायला निघेल.

आकर्षणाबद्दल एवढे पुरे, कारण खड्डे अधिक आहेत. त्यांतला पहिला खड्डा अभ्यासक्रमाचा. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याने ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा २०२२ चा चित्रपट लावण्याची इच्छा व्यक्त केली, की वरच्या वर्गातील मुले त्याला अडवून पूर्वतयारीची यादी सांगतात: आधी नऊ भागांची ‘वांडाव्हिजन’ पाहायची, मग ‘लोकी’चे पहिले सहा भाग, मग मागील स्पायडरमॅन, आणि हे कळण्यासाठी त्याआधीचे वीस-बावीस चित्रपट. दोन तासांच्या करमणुकीसाठी पन्नास तासांचा गृहपाठ करताना गणिताचा पेपर राहून जातो, आणि विद्यार्थी विद्यापीठात एटीकेटीने व बहुविश्वात विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण होतो. काही उत्साही मंडळी नवा चित्रपट पडद्यावर पाहण्यासाठी साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात जातात. वाटेत चाकण लागते, चाकणला वाहतूक थांबते, आणि चित्रपटाच्या आरंभीची वीस मिनिटे, ज्यांत या खेपेच्या विश्वाचे नियम समजावलेले असतात, ती कंटेनरच्या मागील बाजूकडे पाहण्यात जातात. उरलेला वेळ शेजारच्या प्रेक्षकाला “हा कुठला?” असे विचारण्यात जातो, आणि शेजारीही चाकणवरूनच आलेला निघतो.

दुसरा खड्डा मरणाचा, आणि तो अधिक खोल आहे. मराठी दुकानात गल्ल्याच्या वर, गणपतीच्या तसबिरीखाली, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावलेली असते, आणि गिऱ्हाईक चार वेळा लुगड्याचा पदर उलगडून पाहते ते या पाटीच्या धाकाने. कथेतील मरणाला असाच धाक असतो. २०१९ साली आयर्न मॅन मेला, तेव्हा वसतिगृहातील धट्टीकट्टी मुले पांघरुणात तोंड घालून रडली होती. पुढे २०२४ साली तोच नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, डॉक्टर डूम या खलनायकाच्या रूपात परतणार असल्याचे जाहीर झाले, आणि रडलेल्यांची अवस्था सुतकात मृताचाच फोन यावा तशी झाली. वुल्व्हरीन या महानायकाची कथा त्याहून पुढची आहे. २०१७ मध्ये त्याला हृद्य निरोप देऊन पुरण्यात आले, आणि २०२४ च्या चित्रपटात डेडपूल या दुसऱ्या महानायकाने आरंभीच त्याचे थडगे उकरून हाडे बाहेर काढली, त्या हाडांनीच शत्रूंना बडवले आणि मग दुसऱ्या विश्वातून ताजा वुल्व्हरीन आणला. मुलाला भेटायला आलेल्या एका पालकाने लॅपटॉपवर हा प्रकार पाहून जी चौकशी केली, तिच्यात या सर्व टीकेचे सार येते.

“हा मागच्या पिच्चरला मेला होता ना?”

“तो वेगळा होता, दादा.”

“मग हा कोण?”

“तोच, पण दुसऱ्या विश्वातला.”

“अन् दहावं कुणाचं घातलं मग?”

मुलाने चित्रपट थांबवून पुष्कळ विचार केला; उत्तर अद्याप मिळालेले नाही.

अर्थात या बाबतीत मराठी माणसाने फार नाक मुरडण्यात अर्थ नाही. रोजच्या मालिकेत सोमवारी जिने चढून गेलेली सून मंगळवारी वेगळ्या चेहऱ्याने खाली उतरते, पडद्याच्या तळाशी ‘यापुढे ही भूमिका अमुक साकारतील’ अशी ओळ सरकते, आणि नवऱ्यासह सारे घर तिला त्याच नावाने हाक मारते. ते बहुविश्व कोणतेही यंत्र न वापरता, जेवणाच्या वेळेत, केवळ एका ओळीत पार पडते.

तिसरा खड्डा सत्काराचा आहे. बहुविश्वाच्या चित्रपटात जुन्या चित्रपटांतील नट क्षणभर येऊन जातात, त्याला ‘कॅमिओ’ म्हणतात, आणि नट आत आल्यावर शिट्ट्यांसाठी जागा सुटावी म्हणून तो काही सेकंद नुसता उभा राहतो. ज्यांनी गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या आधीचा कार्यक्रम पाहिला आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. निवेदक व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेऊ लागतो, एकाचे घेतले तर दुसऱ्याचे राहता कामा नये, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फेटा, मग उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर आखाड्यात मल्ल अंगाला माती लावून थंड पडलेले असतात. डॉक्टर स्ट्रेंजच्या त्या चित्रपटात दुसऱ्या विश्वातील अतिबलाढ्य मंडळींचा असाच थाटाचा परिचय होतो आणि काही मिनिटांत ‘वांडाव्हिजन’मधली वांडा एकटीच त्यांतील बहुतेकांचा निकाल लावते. नारळ हातात पडण्याआधीच मान्यवर संपतात. कार्यक्रम लांबल्यास हा उपाय गावातही कोणाला सुचू नये, एवढीच काळजी घ्यायला हवी.

एके ठिकाणी मात्र या कथाकारांना दाद द्यावी लागते. ‘लोकी’ मालिकेत सर्व विश्वांच्या काळावर देखरेख करणारे एक कार्यालय दाखवले आहे. तिथे साक्षात देवाला रांगेचे टोकन घ्यायला लावतात, त्याने आयुष्यात उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याचा गठ्ठा पुढे ठेवून ‘सही करा’ म्हणतात, आणि ज्या रत्नांसाठी आधीच्या चित्रपटांत अर्धे विश्व नष्ट झाले ती रत्ने कारकुनाच्या खणात कागदांवर वजन म्हणून पडलेली असतात. वारसनोंदीसाठी ज्याने कधी हेलपाटे घातले आहेत, त्याला हा भाग विनोदी वाटत नाही, माहितीपट वाटतो. त्याची तक्रार एवढीच, की तिथला कारकून जागेवर सापडतो, हे पटत नाही.

आणि ज्यांना विश्वांची सरमिसळ खर्चाशिवाय पाहायची आहे, त्यांच्यासाठी तमाशाची पंढरी म्हणवणारे नारायणगाव जवळच आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात, आणि त्या फडांच्या गवळणीत कृष्ण-पेंद्या मथुरेच्या वाटेवर मावशीला अडवतात. मिशा नुकत्याच भादरलेली ती मावशी दह्यादुधाचा हिशेब द्वापरयुगात सुरू करते आणि डेअरीच्या फॅटवर आणून संपवते. गोकुळ आणि मंचर यांच्यामधली भिंत तिला ओलांडावी लागत नाही, कारण ती बांधायचे कोणाला सुचलेलेच नसते, कृष्णही “मावशी, फॅट म्हणजे काय?” असे विचारून विश्वाचे नियम समजावून घेत बसत नाही.

एवढ्या विवेचनानंतर मूळच्या पत्त्याकडे वळावे लागते, कारण पार्सल अजून पोहोचलेले नाही. अवसरी खुर्दमधील एका तरुणाने वर उल्लेखिलेल्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ची बांधीव प्रत मागवली, पत्त्यात खुर्द हा शब्द ठळक लिहिला, घरपोच देणाऱ्या मुलाला फोनवर तो दोनदा सांगितला, आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर ‘पार्सल पोहोचले, सही मिळाली’ असा संदेश आला. घरात पार्सल नव्हते. चौकशीअंती कळले, की बुद्रुकमध्ये त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे एक वयस्क गृहस्थ आहेत, मधले नाव तेवढे वेगळे, आणि ते कोणी वाचलेले नाही. तरुणाने फोन लावला.

“काका, माझं पुस्तक तुमच्याकडं आलंय का?”

“आलंय की. चित्रं बघून काढली दोन रात्रींत. झकास आहेत.”

“काका, ते माझं आहे.”

“अरे, नाव तर माझंच आहे त्याच्यावर. घेऊन जा, काही म्हणणं नाही. पण एक सांग, त्या सगळ्या पृथ्व्या शेवटी एकत्र केल्या ना?”

“हो.”

“मग सातबारा कुणाच्या नावावर झाला? ते काही दाखवलं नाही त्यांनी.”

तरुण निरुत्तर झाला आणि येतो म्हणाला.

“ये, ये. आणि येताना आमचं ठिबकचं सामान घेऊन ये. परवाच पोहोचलंय म्हणून मेसेज आलाय. खाली सही तुझ्या आईची आहे.”